आधी पाणी, मग पावडर

घरी धुण्याची पावडर बनवण्याच्या कृती डझनांनी फिरत असतात. कुठे पाच किलोंचा हिशेब असतो, कुठे वर्षभर पुरेल अशा बरणीचा. पण नावे आणि मापे बाजूला ठेवून नुसते पदार्थ पाहिले की ही सारी गर्दी चार-पाच कुळांत बसते. साबणाची वडी किसून तिच्यात धुण्याचा सोडा आणि टाकणखार मिसळायचा, हे एक कूळ. अमेरिकेतल्या काटकसरी घरांत ते फार लोकप्रिय आहे आणि तिथून जगभर गेले. रसायनांच्या दुकानातून अ‍ॅसिड स्लरी आणून ती सोड्यात मुरवायची, हे आपल्याकडच्या बचत गटांत आणि छोट्या गृहउद्योगांत रुळलेले दुसरे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबणच घरी पाडायचा, हे तिसरे. रिठा-शिकेकाईचे चौथे, आणि फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या तथाकथित बायोएन्झाइमचे हे सर्वांत नवे. या सगळ्या कृतींत घटक ग्रॅम-ग्रॅम मोजलेले असतात. मात्र ती पावडर ज्या पदार्थात पडणार, ते पाणी कसे आहे, हे जवळजवळ एकीतही विचारलेले नसते. माझे म्हणणे असे की घरगुती पावडर स्वस्त पडते की महाग, कपडा निघतो की मळकटच राहतो, याचा निकाल बहुतांशी पाण्यावर लागतो. म्हणून कृतींची तुलना पाण्यापासूनच सुरू करायला हवी.

शाळेच्या पुस्तकात पाण्याचे सुफेन आणि दुष्फेन असे दोन प्रकार शिकवतात. शब्द जड असले तरी गोष्ट रोजची आहे. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. त्यात साबण पडला की हे क्षार साबणाला धरून न विरघळणारा पांढरट साका करतात. बादलीच्या काठावर बसणारा चिकट थर आणि काळ्या कपड्यावर वाळल्यावर दिसणारे राखाडी डाग हा तोच साका. हे क्षार संपेपर्यंत साबण मळाकडे वळतच नाही. किती साबण असा फुकट जातो, हे साध्या रसायनशास्त्राने मोजता येते. या क्षारांचे प्रमाण, म्हणजेच पाण्याचा जडपणा, लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या मापात सांगतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. मधला ३०० हा आकडा घ्या. दख्खनच्या काळ्या कातळातल्या बोअरवेलच्या पाण्याला तो मुळीच अनोळखी नाही. दहा लिटरच्या बादलीत मग ३ ग्रॅम जडपणा झाला. तो बांधून टाकायला १७ ते १८ ग्रॅम शुद्ध साबण लागतो, आणि तोवर फेसाचा पत्ता नसतो. हेच काम निर्जल सोड्याचे सव्वातीन ग्रॅमसुद्धा पुरे करतात. खडे असलेला, पाणी धरून ठेवणारा सोडा असेल तर साडेआठ ग्रॅम लागतात, कारण त्या खड्यांच्या वजनात सुमारे ६३ टक्के पाणीच असते. दर गावागणिक बदलतात, म्हणून इथे हिशेब रुपयांत न करता ग्रॅममध्ये केला आहे. पण सोडा साबणापेक्षा स्वस्त असतो हे कुठल्याही किराणा दुकानात कळते. जे काम सव्वातीन ग्रॅम स्वस्त पदार्थ करतो, ते अठरा ग्रॅम महाग पदार्थाकडून करून घेणे, ही धुण्यातली सर्वांत मोठी उधळपट्टी आहे.

आता हा हिशेब किसलेल्या साबणाच्या कृतीला लावून पाहू. साबण, सोडा आणि टाकणखार समभाग घेऊन मशीनच्या एका धुण्याला दोन मोठे चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम मिश्रण पुरते, असे त्यात सांगितलेले असते. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये एका भरणीला ५० लिटर पाणी धरले, तर त्यात १५ ग्रॅम जडपणा आला. दहा ग्रॅम निर्जल सोडा पूर्ण कामी आला तरी त्यातला साडेनऊ ग्रॅमच्या आतच संपवील. उरलेला साडेपाच ग्रॅम जडपणा तेहतीसेक ग्रॅम साबण खाऊ शकतो; मिश्रणात साबण आहे दहा ग्रॅम. म्हणजे मळ काढायला काहीच उरत नाही, उलट तो दहा ग्रॅम साबण साका होऊन कपड्याच्या विणीत आणि मशीनच्या पिंपामागे बसतो. टाकणखार पाण्याचा अल्कधर्मीपणा स्थिर ठेवायला थोडी मदत करतो, पण ही तूट भरून काढण्याइतकी नाही. शिवाय प्रजननक्षमतेवरच्या परिणामामुळे युरोपीय संघाने २०१० साली त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले आहे. लहान मुले असलेल्या घरात त्याची उघडी बरणी कशाला ठेवायची? ही कृती जिथे यशस्वी झाली तिथे नळाचे पाणी मुळात मृदू होते किंवा घरात पाणी मृदू करणारे यंत्र होते. तिथल्या माणसाचा अनुभव खरा आहे. तो सोलापूरच्या किंवा बीडच्या बोअरला लागू पडत नाही, इतकेच.

दोन-चार धुण्यांत हा दोष लक्षात येत नाही, आणि म्हणूनच या कृतीला इतके भक्त मिळतात. पहिल्या आठवड्यात कपडा स्वच्छच वाटतो. साका हळूहळू साठतो. दोन-तीन महिन्यांत टॉवेल कडक होतो, पाणी टिपेनासा होतो, पांढरा सदरा पिवळट दिसू लागतो. विकतच्या पावडरीत मळ पुन्हा कपड्यावर बसू नये म्हणून एक पदार्थ असतो आणि पांढरेपणाचा भास देणारी चमकही असते. घरच्या मिश्रणात ती दोन्ही नसतात. चमक नसली तर काही बिघडत नाही, थोडी नीळ पुरते. पण मळ परत बसणे हे खरे अपयश आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग आपल्या आज्या-पणज्या कशाने धूत होत्या? त्यांच्याकडे कुठे कारखान्याची पावडर होती? आक्षेप चांगला आहे, कारण त्याचे उत्तर शोधताना एक विसरलेली गोष्ट हाती लागते. आपल्याकडे धुणे ही मुळात साबणाची नव्हे, खाराची विद्या होती. चुलीची राख पाण्यात कालवून निवळून घेतलेले पाणी, सज्जीखार, पापडखार, उत्तरेकडची रेह माती, ही सारी सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटाची कमी-अधिक शुद्ध रूपे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर याच खाराने भरलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त त्या परिसराच्या वर्णनात काच आणि साबण करण्यासाठी लागणाऱ्या वस्तू तिथे मिळतात, असा उल्लेख आहे. पाणी आटले की काठावर धरणाऱ्या खाराला दल्ला, खुप्पल, पापडी अशी वेगवेगळी नावे होती, म्हणजे त्याची प्रतवारी करून व्यापार चालत होता. परटाची भट्टी याच विद्येची पुढची पायरी. खाराच्या पाण्यात बुडवलेले कपडे उकळत्या हंड्यावर रचायचे आणि वाफ रात्रभर त्यांतून जाऊ द्यायची. सकाळी घाटावर आपटायचे आणि उन्हात टाकायचे. या पद्धतीत खार दोन कामे करत होता. तो पाण्यातला जडपणा मोडत होता आणि कपड्यातल्या तेलकट मळाचाच थोडाफार साबण बनवत होता. उरलेले काम वाफ, दगड आणि ऊन करत. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या, त्यानंतर वडीने घासून धुण्याची सवय शहरांतून पसरत गेली आणि धुणे म्हणजे फेस, हे समीकरण मनात बसले. खार मागे पडला. आज जुन्या पद्धतीचा वारसा म्हणून जे सांगितले जाते त्यात साबण किसणे पुढे असते आणि खार नुसता जोडीला असतो. खरा वारसा याच्या उलट आहे.

पण त्या वारशाकडे जसेच्या तसे परतता येणार नाही, हेही मान्य करायला हवे. पणजीच्या घरात कपडे मोजके होते आणि सुती होते. सुताला खार, उकळणे आणि आपटणे तिन्ही सोसते. आज कपाटात पॉलिएस्टर आणि त्याची मिश्रणे भरलेली आहेत. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, तेल मात्र घट्ट धरून ठेवते; कॉलरवरचा आणि काखेतला मळ त्यातून नुसत्या सोड्याने निघत नाही. तिथे तेलाला पाण्यात ओढून आणणारा रेणू लागतो, म्हणजे साबण किंवा डिटर्जंट. शिवाय आपण धुतो ते थंड पाण्यात. प्राणिज चरबी, पामतेल अशा घट्ट स्निग्धांचा साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही. खोबरेल तेलाचा साबण याला अपवाद. तो थंड पाण्यातच नव्हे, खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून जहाजांवर समुद्राच्या पाण्यात वापरायचा साबण खोबरेलाचाच करत. कोकणात जांभ्या दगडातले पाणी सहसा सुफेन असते आणि खोबरेल घरचे असू शकते. महाराष्ट्र-गोव्यात घरगुती साबणाची बाजू कुठे खरोखर भक्कम असेल, तर ती याच पट्ट्यात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांच्या जलाशयांचे मृदू पाणी येते. तिथेही किसलेल्या साबणाचे मिश्रण हातधुणीला चालून जाते. मात्र उन्हाळ्यात सोसायटीने बोअरचा किंवा टँकरचा आधार घेतला, की त्याच इमारतीत तीच पावडर हरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निरमा घरीच जन्मली नव्हती का? १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या परसात पावडर मिसळून ती सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, हे सर्वांना ठाऊक आहे. सर्फ १९५९ पासून बाजारात होती आणि तिच्या तुलनेत ही पावडर चौथ्या हिश्श्याच्या आसपास दरात मिळत होती. मग परसातली पावडर स्वस्त आणि उपयोगी असू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पुरावा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धा आहे. करसनभाई गुजरात सरकारच्या खाण व भूविज्ञान खात्यात रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी मिसळली ती किसलेली वडी नव्हती, औद्योगिक कच्च्या मालाची पावडर होती. तिच्यात सोड्याचे प्रमाण भरपूर होते, म्हणून ती स्वस्त होती, म्हणून जड पाण्यातही चालत होती आणि म्हणूनच ती हाताला झोंबते अशी तक्रारही होती. तिने जिंकलेली स्वस्ताई सुगंध, चमक, खोका आणि जाहिरातीचा सुरुवातीचा खर्च गाळून मिळवलेली होती. पुढे हिंदुस्थान लिव्हरला १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हील’ आणून त्याच पायरीवर उतरावे लागले. म्हणजे घरी मिसळण्यातून जी बचत होऊ शकत होती, ती त्या लढाईने सगळ्या देशाला दुकानातच मिळवून दिली. आज कोपऱ्यावरच्या स्वस्त पावडरीच्या पिशवीत परसातला तोच हिशेब भरलेला आहे, आणि कारखाना सोडा टनांनी घेतो, आपण किलोने. १९६९ साली घरी पावडर करणाऱ्याची स्पर्धा महाग पावडरीशी होती; आज ती निरमाच्या वारसदारांशी आहे. ही स्पर्धा किमतीवर जिंकणे जवळजवळ अशक्य आहे.

इथे अ‍ॅसिड स्लरीची ओळख करून घ्यायला हवी, कारण खरे डिटर्जंट तिच्यापासूनच होते. केरोसिनमधून वेगळे काढलेले सरळ साखळीचे घटक आणि बेंझिन यांच्यापासून लिनिअर अल्किल बेंझिन तयार होते. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला त्याचा मोठा कारखाना आहे. त्यावर गंधकाची प्रक्रिया केली की दाट, तपकिरी, तिखट आम्ल मिळते. बाजारात त्यालाच स्लरी म्हणतात. ती सोड्यात मिसळली की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो, उष्णता होते आणि आम्लाचे डिटर्जंटमध्ये रूपांतर होते. एक किलो स्लरी शमवायला सुमारे १६५ ग्रॅम निर्जल सोडा लागतो. त्यावरचा सगळा सोडा पाणी मृदू करण्यासाठी शिल्लक राहतो. संश्लेषित डिटर्जंटचा शोध मुळी चरबीच्या टंचाईतून लागला. पहिल्या महायुद्धात जर्मनीला साबणासाठी स्निग्ध पदार्थ मिळेनासे झाले, तेव्हा या प्रयोगांना जोर आला. या रेणूलाही कॅल्शियमचा त्रास होतो, पण साबणाइतका नाही. म्हणून पाच कुळांपैकी जड पाण्यात रोजच्या मळावर उघड फरक दाखवणारे हे एकच. तरीही स्लरीचा डबा घरात आणावा असे मी म्हणणार नाही. ती कातडी भाजते, डोळ्यांत गेली तर कायमची इजा करू शकते, आणि मिसळताना उडणारी सोड्याची भुकटी छातीत जाते. नीट शमली नाही तर पावडरीत आम्ल शिल्लक राहते आणि ते कपड्यावर व हातावर उतरते. बचत गटाने हा व्यवसाय करायला माझी हरकत नाही. एक मोकळी शेड, हातमोजे, चष्मा, तोंडावर पट्टी, वजनकाटा, आम्लता तपासायच्या पट्ट्या आणि प्रत्येक पिशवीवर वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता, एवढी शिस्त असेल तर तो प्रामाणिक उद्योग आहे आणि गावातल्या बायांच्या हाती पैसा आणतो. पण तो उद्योग आहे. त्याला स्वयंपाकघरातली काटकसर म्हणून शिकवणे चूक आहे. पावडरीऐवजी धुण्याचा घट्ट द्रव विकत घेतला, तर त्याच्या बाबतीत एक सावधगिरी ग्राहकानेही बाळगावी: या द्रवांना दाटपणा बहुधा मिठाने आणतात. मीठ योग्य बेताने टाकले की पातळ द्रव मधासारखा होतो, पण त्याने मळ काढण्याची ताकद वाढत नाही. दाटपणा आणि फेस, दोन्ही ताकदीचे माप नव्हेत.

रिठ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावर फुकटचा विश्वास टाकू नये तशीच फुकटची टीकाही करू नये. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. ते पाण्यात फेस देतात आणि कॅल्शियमशी साबणासारखा साका करत नाहीत, म्हणून जड पाण्यातही रिठा फसत नाही. त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. रेशीम आणि लोकर ही प्रथिनांची सुते आहेत. खार त्यांना खातो, रिठा खात नाही. म्हणून रेशमी साड्या आणि लोकरी शाली रिठ्यात धुण्याची आपली चाल पूर्णपणे शास्त्राला धरून आहे. सोनारही दागिने रिठ्याच्याच पाण्यात काढत आले आहेत. त्याच्या पुढे मात्र रिठा जात नाही. मजुराच्या सदऱ्यातला घाम आणि तेल, शाळेच्या गणवेशावरची शाई-माती, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी, इथे त्याची ताकद तोकडी पडते. पांढऱ्या सुतावर तो हलकी तपकिरी छटाही ठेवतो. शिवाय रिठे भिजवायचे, उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे, आणि तो काढा दोन-तीन दिवसांत आंबतो. ज्या घरात आठवड्याला दोन रेशमी वस्त्रे निघतात तिथे हे ठीक आहे. रोजच्या बादलीभर धुण्याला इंधनाचा आणि वेळाचा हा खर्च परवडणारा नाही.

सालींच्या बायोएन्झाइमबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखे थोडेच आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. हाती येतो तो प्रामुख्याने आंबट द्रव. मोरीतल्या फरशीवरचा आणि नळाच्या तोटीवरचा क्षारांचा थर तो हळूहळू सोडवतो आणि त्यासाठी जरूर वापरावा. विकतच्या पावडरीतली एन्झाइमे वेगळ्या जिवाणूंपासून मुद्दाम काढलेली आणि खारात टिकणारी असतात. आंबट द्रवात ती ताकद नसते. तो धुण्याच्या सोड्यात ओतला तर दोघे एकमेकांना मारतात, फसफस दिसते आणि दोघांचेही काम संपते. व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याच्या जोडीचेही हेच.

घरगुती ते पर्यावरणाला चांगले, हा तिसरा आक्षेप भावनेला धरून असतो, म्हणून त्याकडे जास्त काळजीपूर्वक पाहावे लागते. त्यात एक सत्य आहे. घरच्या मिश्रणात फॉस्फेट नसते, आणि फॉस्फेट नद्या-तळ्यांत गेले की शेवाळ आणि जलपर्णीला खत मिळते. सुगंध आणि चमक देणारी द्रव्येही नसतात. ज्यांच्या कातडीला त्यांनी पुरळ उठते त्यांच्यासाठी हा खरा लाभ आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण धुण्याचे पाणी परसबागेत सोडणाऱ्यांनी सोडियमकडे पाहायला हवे. सोडा म्हणजे सोडियम, साबण म्हणजेही सोडियम. काळ्या चिकणमातीत सोडियम साठला की मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरेनासे होते आणि वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. शेतकरी जिला चोपण जमीन म्हणतात ती हीच. टाकणखार घातला असेल तर त्यातला बोरॉन वेगळा, आणि जास्त बोरॉन संत्र्या-लिंबाच्या कुळाला लवकर बाधतो. रिठासुद्धा निरुपद्रवी नाही. सॅपोनिन माशांना विषारी असते, आणि ओढ्यात अशा फळांचा भुगा टाकून मासे भुलवण्याची पद्धत बऱ्याच प्रदेशांत होती. पदार्थ कुठून आला यावरून तो कुठे गेल्यावर काय करील हे ठरत नाही. पहिले, सर्वांत मळकट पाणी गटारात आणि शेवटचे खळबळून काढलेले पाणी झाडांना, एवढा नियम पाळला तर पावडर घरची असो वा दुकानाची, जमीन बरीच वाचते.

आणि एक खर्च कुठल्याही कृतीत लिहिलेला नसतो. साबण किसणे, काढा उकळणे, कमजोर मिश्रणाने मळ निघेना म्हणून तोच कपडा दुसऱ्यांदा चोळणे, साका जावा म्हणून एक पाणी जास्त काढणे, ही कामे कोण करते? बहुतेक घरांत बाई करते, नाहीतर धुणे करणारी मावशी. तिच्या मजुरीत मिश्रणाचा हा दोष मोजलेला नसतो. महिन्याला पावडरीचे काही रुपये वाचले आणि तिच्या मनगटावर रोज अर्धा तास वाढला, तर ती काटकसर झालेली नाही, खर्च एका खिशातून दुसऱ्याच्या अंगावर ढकलला गेला आहे. सोडा हाताने कालवायचा असेल तर तळव्यांना भेगा पडतात. काठीने ढवळावे, आणि हात घालायचाच असेल तर हातमोजे घालावेत. धुणे करणारीला हातमोजे घरमालकिणीने आणून द्यावेत, हेही यात आले.

मग स्वस्तात धुवायचे कसे? पावडर बनवून नव्हे, पाणी सुधारून. आधी पाणी ओळखा. स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी घ्या, त्यात पावडर न टाकता आंघोळीच्या साबणाचे पाच-सहा थेंब पाणी टाका आणि हलवा. भरपूर फेस टिकला तर पाणी मृदू आहे. दुधाळ पाणी आणि वर नुसती साय आली तर जड. पावडरीने ही परीक्षा होत नाही, कारण ती जड पाण्यातही फेस देते. पाणी मृदू असेल तर पावडर बरीच कमी करून पाहा; दुकानातल्या चमच्याचे माप सहसा वाईटातल्या वाईट पाण्यासाठी असते. पाणी जड असेल तर दहा लिटरला एक सपाट चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवा, पंधरा-वीस मिनिटे थांबा, आणि मगच स्वस्तातली कोणतीही पावडर नेहमीच्या निम्म्याने टाका. घाई केली तर सोडा आणि साबण दोघेही एकाच वेळी कॅल्शियमवर तुटून पडतात आणि महाग असलेलाच आधी खर्ची पडतो. मॅग्नेशियम नुसत्या सोड्याने पुरते जात नाही, म्हणून काही बोअरना हा उपाय अर्धाच लागू पडेल. तिथे पावडर निम्म्याऐवजी पाऊणपट ठेवा. रेशीम, लोकर आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी यांना सोडा लावू नका. अ‍ॅल्युमिनियम काळे पडते. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरा. पहिल्या दोन सरी सोडून दिल्या की ते जवळजवळ क्षारमुक्त असते, आणि त्यात घरचा साधा साबणही दुकानातल्या पावडरीची बरोबरी करतो.

तेलापासून साबण पाडण्याची हौस असेल तर ती तळणीतून उरलेल्या तेलावर भागवा. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. ताजे तेल धुण्यात घालणे कुठल्याही हिशेबाने स्वस्त नाही. किलोभर खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, इतर बहुतेक तेलांना त्याहून कमी, आणि जास्त झालेला प्रत्येक ग्रॅम वडीत मोकळा राहून कातडी जाळतो. म्हणून काट्यावर वजन केल्याशिवाय हे काम करू नका. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्या, अ‍ॅल्युमिनियमचे कधीही नाही. आणि कॉस्टिकचे पाणी किंवा स्लरी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. एका घोटाने अन्ननलिका जळते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.